वसाहतीतल्या माणसांच्या मनाचा ताळेबंद

रिमवर्ल्ड नावाच्या गेममध्ये दूरच्या ग्रहावर अडकलेल्या मूठभर माणसांची वसाहत उभारायची असते. शेती, स्वयंपाक, औषधपाणी, तटबंदी, सगळे तुम्ही वरून पाहत ठरवता. एखाद्या दिवशी टोळीचा हल्ला होतो आणि वसाहतीतल्या एका बाईचा नवरा मारला जातो. तिच्या मनात काय चालले आहे हे पाहायला गेलात, तर एक यादी उघडते. नवरा गेला : मोठी वजाबाकी. टेबलाशिवाय जेवली : उणे ३. शाही जेवण मिळाले : अधिक १२. झोपायची खोली छान आहे : अधिक थोडे. या सगळ्यांची बेरीज होऊन शून्य ते शंभर अशी एक पट्टी ठरते. तिचे नाव मूड. सर्वसाधारण माणसाची पट्टी ३५च्या खाली गेली की त्याचा तोल जाण्याची शक्यता सुरू होते. २०च्या खाली प्रकरण गंभीर आणि ५च्या खाली काहीही घडू शकते.

मुरलेला खेळाडू अशा वेळी काय करतो? विधवेला चांगली खोली देतो, खोलीत मूर्ती मांडतो, जेवण सुधारतो. पट्टी वर चढते आणि बाई कामाला लागते. हिशेब जुळला.

हा गेम मी कित्येक वर्षे खेळतो आहे आणि पुढेही खेळेन. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला आणि २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला टायनन सिल्व्हेस्टरचा हा गेम वसाहत उभारणीच्या प्रकारातला एक अव्वल गेम आहे. त्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. माझा आक्षेप एका गृहीतकावर आहे. माणसाच्या मनातल्या सगळ्या गोष्टी एकाच चलनात मोजता येतात आणि म्हणून एकमेकींत वळत्या करता येतात, हे ते गृहीतक. ते फक्त गेममध्ये राहिले असते तर मी इतका वेळ घालवला नसता.

आधी अभियंत्याची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. संगणकाला प्रत्येक क्षणी ठरवावे लागते की हा माणूस आता झोपेल, खाईल, की काम करेल. त्यासाठी आकडे लागतात. ‘तिला कसेसेच होते आहे’ यावर कोड चालत नाही. मॅक्सिस कंपनीसाठी विल राइट यांनी २००० साली आणलेल्या ‘द सिम्स’मध्ये भूक, आराम, स्वच्छता, लघवी, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि खोलीचे रूप अशा आठ गरजांच्या आठ पट्ट्या होत्या. त्यात युक्ती अशी, की अक्कल माणसात नव्हती, वस्तूत होती. फ्रिज ‘माझ्याकडे भूक भागेल’ अशी जाहिरात करतो, सोफा ‘माझ्याकडे आराम मिळेल’ अशी. आणि ज्याची पट्टी खाली असेल तो माणूस तिकडे चालू लागतो. इतक्या साध्या यंत्रणेतून जिवंत घर दिसू लागते. राइट यांचे स्वतःचे घर १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात जळाले होते आणि संसार पुन्हा उभा करताना कोणती वस्तू माणसाला खरोखर लागते या विचारातून गेमची कल्पना सुचली, असे ते सांगत आले आहेत.

गरजांसाठी पट्टी ठीक आहे. भूक खरेच भागते. दुःखाचे तसे नाही. शिवाय मनातला झगडा हा दुःखापेक्षाही वेगळा प्रकार आहे. समजा ती विधवा बाई खेळाडूने दिलेले शाही जेवण आवडीने खाते. मग तिच्या लक्षात येते की नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि आपल्याला चव लागली. त्याचीच तिला लाज वाटते. इथे अधिक १२ आणि उणे काहीतरी अशा दोन वेगळ्या नोंदी नाहीत. त्या ‘अधिक’मधूनच ‘उणे’ जन्माला आले आहे. एकाच पट्टीवर हे मांडताच येत नाही. शून्य येईल, आणि शून्याचा अर्थ होईल ‘ठीक आहे’.

आपल्या भाषेत या अवस्थांना स्वतंत्र शब्द आहेत, ते उगीच नाहीत. राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख वेगळी, जुनी होऊन मनात घर केलेली खंत वेगळी, बोलता येत नाही म्हणून होणारी घुसमट वेगळी, आणि काय करावे हे ठरत नसताना होणारी घालमेल वेगळी. घालमेल झालेल्या माणसाला गोडधोड खायला घातले, तरी त्याचा निर्णय झालेला नसतो.

रिमवर्ल्डमध्ये तोल गेलेला माणूस कधी एकटाच भटकतो, कधी समोर येईल त्याला मारत सुटतो. झटका ओसरला की त्याला ‘मन मोकळे झाले’ म्हणून अधिक ४० मिळतात आणि ते काही दिवस टिकतात. गेमच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. नाहीतर एक झटका संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होईल. पण ज्याने शेजाऱ्याचे डोके फोडले तो दुसऱ्या दिवशी आनंदात असतो. मार खाणारा त्याच्यावर रागावतो, तेवढी नोंद होते. मारणाऱ्याच्या यादीत मात्र ‘मी हे काय केले’ अशी ओळ येत नाही. माणसाचे स्वतःविषयी काही मत असते, हे या हिशेबात कुठे बसतच नाही.

मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग इथे आठवतो. लिऑन फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणे काम दिले, खुंट्या फिरवत बसण्यासारखे. मग बाहेर थांबलेल्या पुढच्या व्यक्तीला ‘काम फार मजेचे आहे’ असे खोटे सांगायला लावले. या खोट्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २० डॉलर. नंतर त्यांचे स्वतःचे मत विचारले. बेरीज-वजाबाकीच्या मनाने उत्तर दिले असते तर २० डॉलरवाले जास्त खूश निघायला हवे होते. निघाले उलटे. काम बरे होते असे १ डॉलरवाल्यांनी जास्त सांगितले. २० डॉलर मिळालेल्याकडे खोटे बोलण्याचे कारण होते, ‘पैशासाठी बोललो’. १ डॉलरवाल्याकडे ते नव्हते. मग त्याने आपले मतच बदलले, म्हणजे आपण खोटे बोललो असे वाटायला नको. मूडच्या पट्टीत या माणसाला जागा नाही, आणि तो तर आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. थोडक्यासाठी तडजोड करून नंतर त्या तडजोडीचे तत्त्वज्ञान सांगणारे किती तरी लोक आपण पाहतो.

हे जमू शकते, याचा पुरावा या प्रकाराच्या आद्य गेममध्येच आहे. टार्न आणि झॅक अॅडम्स हे दोन भाऊ २००२ पासून ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ घडवत आहेत. २००६ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि २०२२च्या डिसेंबरपर्यंत मुख्यतः देणग्यांवर चालला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी पहिल्यांदा व्हिडिओ गेम निवडले, त्यात हा होता. डोंगरात किल्ला खोदून राहणाऱ्या बुटक्यांचा हा गेम. दिसायला वर्षानुवर्षे नुसती अक्षरे आणि चिन्हे. पण प्रत्येक बुटक्याच्या आत स्वभावाचे पन्नासच्या आसपास पैलू, प्रत्येकाला शून्य ते शंभर आकडा. त्याखेरीज मूल्यांची वेगळी यादी : कायदा, कुटुंब, सत्य, परंपरा, मेहनत, शांतता, ज्ञान वगैरे तीसेक गोष्टी, त्यांचे मोजमाप उणे ५० ते अधिक ५०.

स्वभाव आणि मूल्ये या दोन वेगळ्या वह्या ठेवल्या, एवढ्यानेच मोठा फरक पडतो. एखादी बुटकी स्वभावाने भांडकुदळ असते आणि तिला सलोखा मोलाचा वाटतो. तिच्या माहितीच्या पानावर गेम लिहितो की ती चटकन भांडायला उठते आणि या गोष्टीचा तिला स्वतःलाच त्रास होतो. मला हे वाक्य या प्रकारच्या गेममधल्या सगळ्या चित्रांपेक्षा मोलाचे वाटते. दोन आकडे एकमेकांत मिसळले नाहीत. समोरासमोर उभे राहिले.

आठवणींचेही तसेच. तीव्र प्रसंग बुटक्याच्या स्मरणात राहतात, पुन्हा पुन्हा वर येतात आणि कधी त्याचा स्वभाव कायमचा बदलून टाकतात. यात फजितीही झाली. २०१८च्या सुमारास पावसात भिजल्याची आठवण इतकी जिवाला लागू लागली, की किल्लेच्या किल्ले खचू लागले, आणि त्यावर दुरुस्त्या कराव्या लागल्या. (२०१५ साली याच गेममध्ये मांजरे पटापट मरू लागली होती. खानावळीत सांडलेली दारू त्यांच्या पायांना लागे, पाय चाटले की ती पोटात जाई, आणि हिशेबातल्या चुकीमुळे प्रत्येक चाटण्यात अख्ख्या पेल्याएवढी दारू मोजली जाई. इतक्या बारकाईने जग मांडणाऱ्याला अशा चुकांचा हक्क आहे.)

आता श्रद्धेकडे येतो, कारण या मासिकाच्या वाचकाला ती बाजू अधिक जवळची. रिमवर्ल्डला २०२१च्या जुलैमध्ये ‘आयडिऑलॉजी’ नावाची जोड मिळाली. तिच्यात प्रत्येक माणसाला एक पंथ असतो. पंथ म्हणजे नियमांची यादी : काय पवित्र, काय निषिद्ध, मृतदेहाचे काय करायचे, गुलामी चालते की नाही. आणि प्रत्येकाच्या श्रद्धेची खात्री टक्क्यांत. कोणी प्रवचन देऊन खात्री कमी करत नेली आणि ती शून्यावर आली, की माणूस एका क्षणात समोरच्याच्या पंथात, त्याच्या सगळ्या नियमांसकट. कैद्याची खात्री तर पहारेकरीच कोठडीत जाऊन रोज थोडी थोडी खाली आणतो.

कल्पना म्हणून हे धाडसी आहे. यात नसलेला माणूस मात्र मला सारखा दिसत राहतो. पंथात राहून त्यातल्या एका नियमाशी भांडणारा, घरच्यांचा रोष घेणारा, तरी घर न सोडणारा. या गेममध्ये मतभेद झाला म्हणजे तुम्ही दुसऱ्या पंथाचे; मधली जागाच नाही. पंथाचे नियम बदलण्याची सोय आहे, पण ती खेळाडूच्या हातात, वरून. वसाहतीतल्या कोणा मुलीला प्रश्न पडला आणि तिने नियम बदलायला लावला, असे कधी घडत नाही. आपल्याकडे सुधारणेचा इतिहास बरोबर याच्या उलट दिशेने गेला आहे. तो प्रश्न पडलेल्या आणि तरीही ‘मी इथलीच’ म्हणणाऱ्या माणसांनी घडवला. त्यांची खात्री ना शंभर टक्के होती ना शून्य, आणि ४० टक्के म्हणूनही ती सांगता येणार नाही. एका गोष्टीवर पक्की आणि दुसरीवर नाही, असा तो मामला असतो. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये निदान एवढे आहे, की बुटक्याच्या समाजाला परंपरा थोर वाटते आणि त्याला स्वतःला ती तशी वाटत नाही, असे दोन्ही एकाच पानावर लिहिलेले सापडते.

मन मोजणाऱ्या तक्त्यात तक्ता लिहिणाऱ्याचे घर येतेच. ‘टेबलाशिवाय जेवली : उणे ३’ ही ओळ पुन्हा पाहा. दस्तरखान अंथरून किंवा पाट मांडून जमिनीवर बसून जेवणाऱ्या कोट्यवधी माणसांना हा गेम प्रत्येक जेवणाला तीन गुणांचा दंड करेल. विरक्त स्वभावाचा माणूस असेल तर त्याला सूट आहे, म्हणजे आमच्या आजीची गणना संन्याशांत होणार. हे हसण्यावारी नेता येते. पण २०१६च्या नोव्हेंबरात रॉक पेपर शॉटगन या ब्रिटिश संकेतस्थळावर क्लॉडिया लो यांनी गेमचा त्या वेळचा कोड उलगडून त्यातले प्रेमाचे नियम दाखवले, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पुढाकार घेण्याची शक्यता पुरुषांना खूप जास्त, स्त्रियांना अगदी कमी. दोन्ही लिंगांकडे ओढ असणाऱ्या स्त्रिया होत्या, पुरुष मात्र नव्हते. सिल्व्हेस्टर यांनी लेखावर कडक आक्षेप घेतला. गेम अजून अपुरा आहे, काही गोष्टी नुसत्या चुका आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचे मला कारण दिसत नाही. गृहीतक हेतूशिवायच कोडमध्ये शिरते, ते असेच. ज्याला आपण ‘सगळीकडे असेच असते’ म्हणतो, ते आपल्या बोटांतून टाइप होते.

मूडच्या पट्टीची सवय आता गेमपुरती राहिलेली नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे दर शुक्रवारी कर्मचाऱ्यांना पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायला सांगणारी अॅप सर्रास वापरली जातात. रडका ते हसरा. मग ‘टीमचा आनंद ३.८वरून ४.१’ असा तक्ता व्यवस्थापनापुढे जातो, आणि आकडा घसरला तर पिझ्झा मागवला जातो. ज्याला एखादे काम चुकीचे वाटते पण नोकरीही हवी आहे, त्याने कोणता चेहरा निवडायचा? तो मधला निवडतो. घालमेलीची नोंद ‘ठीक’ अशी होते.

समाजाच्या पातळीवर हेच ‘फ्रॉस्टपंक’ या २०१८च्या पोलिश गेममध्ये दिसते. बर्फाने वेढलेल्या शहराच्या दोन पट्ट्या, आशा आणि असंतोष. त्या सांभाळण्यासाठी तुम्ही कायदे करता. अगदी मुलांना कामाला जुंपण्याचाही. एका पट्टीऐवजी दोन आहेत, हे बरे. माणसे एकाच वेळी आशेवर आणि चिडलेली असू शकतात. पण सगळ्या शहराचे मिळून मन एकच. निवडणूक जवळ आली की वाहिन्यांवर ‘मुस्लिम समाज नाराज आहे का’ अशी चर्चा रंगते, तेव्हा मला ही पट्टीच दिसते. पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, तिचा यंत्रमागावरचा बाप, मोहल्ल्यातले पुढारी, आणि त्या पुढाऱ्यांवर चिडलेला रिक्षावाला, सगळ्यांची मिळून एक नाराजी, तीही टक्क्यांत. वरून पाहणाऱ्याला असेच दिसते. वसाहतीच्या गेममध्ये आपण कायम वरच असतो.

याच स्टुडिओने २०१४ साली केलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ अधिक खोल गेला. सारायेव्होच्या वेढ्यावरून प्रेरणा घेतलेला हा गेम. वसाहत नाही, पडक्या घरात लपलेली चार माणसे. औषध आणि अन्न संपते तेव्हा जवळच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचे घर लुटता येते. लुटले तर तुमची सगळी माणसे सारखीच खचत नाहीत. एखादा ‘जगायचे तर करावे लागते’ म्हणून निभावून नेतो, दुसरी दिवसेंदिवस उठत नाही, आणि तिच्या वाट्याला आलेले अन्न तिला पुन्हा उभी करत नाही. पोट भरले, पण त्याच भाकरीने ती खचली. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या साहित्यात घेतला. मला तो निर्णय पटतो.

तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. अँड्र्यू ऑर्टनी, जेराल्ड क्लोर आणि अॅलन कॉलिन्स यांनी १९८८ साली भावनांची एक मांडणी केली, ती संगणकशास्त्रात तेव्हापासून वापरात आहे. तीत घटना, कृत्य आणि वस्तू हे तीन वेगळे धरले आहेत. घटनेचा निवाडा आपल्या उद्दिष्टांवरून, कृत्याचा आपल्या नीतीवरून, वस्तूचा आपल्या आवडीवरून. म्हणजे एकाच प्रसंगात आनंद आणि लाज एकत्र उभे राहू शकतात, कारण ते वेगवेगळ्या कसोट्यांवर उतरले आहेत. दहा-पंधरा माणसांच्या वसाहतीत प्रत्येकाच्या अशा तीन वह्या ठेवणे संगणकाला जड नाही. जड आहे ते लिहिणाऱ्याला : कोणाला काय चूक वाटते हे त्याला आधी ठरवावे लागेल. आणि खेळाडूलाही सोसावे लागेल की चांगली खोली, चांगले जेवण देऊनही ही बाई सावरत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकलेले नाही.

रिमवर्ल्डचे हे तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत असतात. त्या उघडून वाचता येतात, बदलता येतात, आणि जगभरचे हौशी लोक असे बदल करून वाटत असतात. पुण्या-मुंबईत, मालेगावात, औरंगाबादेत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी सुरुवात तिथून करावी. जमिनीवर बसून जेवण्याचा दंड एक आकडा बदलून काढता येतो. नियमाशी भांडूनही पंथात राहणारी मुलगी लिहायला कोडमध्ये उतरावे लागेल. दोन-तीन महिने जातील, आणि ती खात्रीच्या पट्टीशिवाय लिहायची आहे.